आधी पुढची रबरं काढा, मागच्या बारचं नंतर बघू

काका, नमस्कार.

मी चिपळूणचा. बायको कराडला शाळेत शिकवते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट होतोच. गाडी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट, सेकंडहँड घेतलेली, ७१,००० किलोमीटर झालेत. तक्रार एकच. वळणावर स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जायला बघते, नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. उतरताना जास्तच. मागच्या पावसाळ्यात डावीकडच्या एका वळणावर मी समोरच्या लेनमध्ये गेलो. समोरून एसटी येत होती, ड्रायव्हरने वेळेत थांबवली म्हणून वाचलो. मुलगी मागच्या सीटवर होती. चढताना वेगळाच प्रकार. हेअरपिनमधून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की आतलं पुढचं चाक जागेवरच फिरतं.

मित्र म्हणतात बॉनेटखाली स्ट्रट बार (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारी सळई) टाक, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाक, पुढचा स्टॅबिलायझर बार (गाडी कमी कलावी म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) जाड कर. ४०,००० रुपये बाजूला काढलेत. आधी काय करू? गाडी स्पीडब्रेकरला पुढून घासायची म्हणून घेतल्या घेतल्या पुढच्या स्प्रिंगमध्ये रबर बफर बसवलेत. अलॉय १६ इंची, टायर १९५/५५, ते आधीच्या मालकाने टाकलेले. त्यावर ३११७ असा आकडा आहे. हवा चारी चाकांत ३६ ठेवतो.

– एक वाचक, चिपळूण

नमस्कार.

पत्राच्या शेवटच्या चार ओळी तुम्ही सहज जाता जाता लिहिल्यात, पण उत्तर त्यांच्यातच आहे. रबर बफर, ३११७ आणि ३६. मित्रांनी सुचवलेल्या तिन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. ४०,००० रुपयेही कपाटातच राहू द्या, त्यातले बरेचसे टायरवर जाणार आहेत.

तुमच्या गाडीला जे होतंय त्याला अंडरस्टीअर म्हणतात. पुढचे टायर मागच्यांच्या आधी हार मानतात, म्हणून नाक वळणाबाहेर जातं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हे मुळातच असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, त्यामुळे वजनाचा सुमारे ६० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. शिवाय गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांनीच घ्यायचा. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर खर्च केलेली पकड वळायला उरत नाही. घाट उतरताना आपण वळणात शिरल्यावरही ब्रेकवर पाय ठेवतो, म्हणून तुम्हाला उतारावर त्रास जास्त होतो.

कंपनीने हे मुद्दाम केलेलं असतं, हेही लक्षात घ्या. घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि स्टीअरिंग आणखी फिरवतो. नाक सुटलेल्या गाडीत यातल्या पहिल्या गोष्टीने बहुतेक वेळा गाडी सावरते. मागचा भाग सुटलेल्या गाडीत नेमकी तीच गोष्ट तिला गरकन फिरवते. म्हणून कारखान्यातून निघालेली प्रत्येक घरगुती गाडी थोडी नाक बाहेर काढणारीच असते. तुमच्या २०१८च्या स्विफ्टमध्ये ईएसपी नाही, म्हणजे मागचा भाग सुटला तर सावरायला कुठला कॉम्प्युटर येणार नाही. त्यामुळे हा अंडरस्टीअर कमी करायचा आहे, संपवायचा नाही. पुढे लिहिलेलं सगळं हे धरून वाचा.

आता थोडा हिशेब. हा एकदा समजला की बाजारातला कुठला पार्ट कामाचा आणि कुठला दिखाऊ, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. माणसांसकट गाडी १,०५० किलो धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि वळणावरचा आडवा जोर वजनाच्या निम्मा. एवढ्यात आतल्या चाकांवरचा जवळजवळ १९० किलो भार उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंग बदला, बार बदला, शॉकअब्सॉर्बर बदला, हा १९०चा आकडा हलत नाही. तो बदलायचा तर गाडी खाली बसवायला हवी, रुंद करायला हवी, हलकी करायला हवी किंवा सावकाश चालवायला हवी. आपल्या हातात एकच गोष्ट असते, त्या १९० किलोंतला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या जोडीने. जी बाजू कलायला जास्त विरोध करते, म्हणजे जिथलं सस्पेन्शन जास्त ताठ असतं, ती मोठा वाटा उचलते.

मोठा वाटा उचलणाऱ्या जोडीचं नुकसान होतं, कारण टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. नुसतं समजण्यासाठी आकडे घेऊ. ३०० किलो भाराखाली एक टायर २७० किलोंची आडवी पकड देतो, म्हणजे जोडीची ५४०. आता बाहेरच्यावर ४५० आणि आतल्यावर १५० भार आला. बाहेरचा देईल ३७५, आतला १४०, बेरीज ५१५. भार तेवढाच, पण पकड २५ किलोंनी घटली. ज्या जोडीत डाव्या-उजव्या चाकांवरच्या भारात फरक जास्त, ती जोडी आधी सुटते.

म्हणजे पुढचं सस्पेन्शन ताठ केलं की नाक आणखी बाहेर जाणार. मागचं ताठ केलं की पुढच्या टायरना दिलासा मिळणार. अंडरस्टीअरवरच्या सगळ्या सस्पेन्शन-उपायांचं मूळ हे आहे.

आता तुमच्या रबर बफरकडे या. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढा भाग दबायचा थांबतो. काम करणारे वेढे कमी झाले की स्प्रिंग त्या प्रमाणात ताठ होते. पाचातला एक वेढा अडकला तर ती सव्वापट ताठ होते. तुम्ही पुढचं सस्पेन्शन ताठ केलंत आणि मागचं तसंच ठेवलंत. त्यात नाक वर उचललं गेलं, गुरुत्वमध्य वर गेला, पुढच्या चाकांचा कोन बदलला आणि त्यानंतर अलाइनमेंट केल्याचा पत्रात उल्लेख नाही. चढताना आतलं चाक फिरण्यातही या रबरांचा हात आहे. पुढचा भाग ताठ, म्हणून आतल्या पुढच्या चाकावरून जास्त भार उचलला जातो, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, हलकं झालेलं चाक फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. गाडी चढत नाही, नुसतं रबर झिजतं.

ती रबरं काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. स्पीडब्रेकरला घासायचा त्रास परत सुरू होईल, पण ७१,००० किलोमीटरनंतर पुढच्या स्प्रिंग बसलेल्या असतात आणि शॉकअब्सॉर्बर थकलेले असतात. गाडी नवीन होती तेव्हा ती इतकी घासत नसणार. कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग आणि नवे शॉकअब्सॉर्बर जोडीने बसवले की गाडीची मूळ उंची परत येते. रबर हा त्या दुखण्यावरचा चुकीचा लेप होता. तुम्हीच नव्हे, आपल्याकडे हजारो गाड्यांत तो घातलेला असतो आणि बसवणारा कधी सांगत नाही की वळणावर याची किंमत मोजावी लागेल. मला या गोष्टीचा राग येतो, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

३११७ म्हणजे २०१७ सालचा ३१वा आठवडा. तुमच्या गाडीपेक्षा तिच्या पायातले टायर जुने आहेत. खोबणी अजून खोल दिसत असेल, कायद्याला लागणाऱ्या १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तरी रबर आता कडक झालं आहे. नखाने दाबून बघा, नव्या टायरवर दाबा, फरक कळेल. कोकणातल्या पावसात, शेवाळलेल्या डांबरावर हे टायर मऊ सस्पेन्शनलाही साथ देणार नाहीत. चारही बदला. माप १९५/५५ आर १६ असू द्या, मूळच्या १८५/६५ आर १५च्या व्यासाला ते जवळजवळ तंतोतंत जुळतं. आणखी रुंद टायरच्या मागे लागू नका. पैसे रुंदीवर घालवण्यापेक्षा ओल्या रस्त्यावर चांगला म्हणून ओळखला जाणारा टायर घ्या.

कुणी तरी सांगेल की चार कशाला, दोनच घे, नवे पुढे टाक आणि झिजलेले मागे, म्हणजे नाक बाहेर जायचं थांबेल. थांबेल, खरंच थांबेल. पण पहिल्याच पावसात मागचा भाग दरीकडे निघेल. दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे, हा नियम कधी मोडू नका.

हवा ३६ हा आकडा कुठून आला? बहुधा पंपावरच्या मुलाने भरली आणि तोच राहिला. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा गाडी थंड असताना भरा. मग पुढच्या दोन चाकांत त्यापेक्षा २ जास्त भरून बघा. इतका फरक पुढच्या टायरची बाजू कमी दुमडायला पुरतो. रेसवाले मागच्या टायरमध्ये खूप हवा भरून मागची पकड मुद्दाम कमी करतात, तो उद्योग आपल्या घाटात नको.

यासाठी एक जुनी आणि फुकटची तपासणी आहे. पुढच्या टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, पांढऱ्या खडूने रुंद रेघ ओढा. ती नक्षीवरून खाली बाजूपर्यंत येऊ द्या. मोकळ्या मैदानावर चार-पाच गोल चकरा मारा आणि थांबून बघा खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. खांद्याच्या कडेपर्यंत पुसला असेल तर ठीक. त्याच्याही खाली, बाजूवरची अक्षरं सुरू होतात तिथपर्यंत पुसला असेल, तर टायर नक्षी सोडून बाजूवर चालतोय. मग हवा कमी आहे किंवा कॅम्बर कमी आहे.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललेलं आहे ते. हा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही आणि आपल्याकडे तो कुणी करत नाही. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र, खाली एकच लोअर आर्म. मांडणी स्वस्त आणि दणकट आहे, पण तिच्यात एक खोट आहे. गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाकही गाडीबरोबर बाहेर कलतं आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. सगळा भार ज्या टायरवर, त्याचीच निम्मी रुंदी रस्त्यावरून उचललेली. तुमच्या जुन्या टायरच्या बाहेरच्या कडा बघा. आतल्या कडांपेक्षा त्या जास्त झिजलेल्या असतील तर मी म्हणतो तेच घडतंय.

उपाय असा की सरळ रस्त्यावर चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत कललेला ठेवायचा, म्हणजे वळणावर गाडी कलली की टायर सपाट टेकेल. कारखान्यातून हा कोन शून्याच्या आसपास असतो. तुमच्यासारख्या रोजच्या गाडीला उणे १ अंश पुरे, फार तर उणे सव्वा. यासाठी कॅम्बर बोल्ट मिळतात. स्ट्रट आणि चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी हा बसतो. याचा मधला भाग एका बाजूला फुगीर असतो, बोल्ट फिरवला की चाक वरून आत किंवा बाहेर सरकतं. बोल्ट चांगल्या प्रतीचाच हवा आणि टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापाइतकाच आवळायला हवा. हा बोल्ट सरकला तर चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलेल. म्हणून ५०० किलोमीटरनंतर परत तपासून घ्या. मूळच्या बोल्टाचं भोक कुणी कानस मारून मोठं करून देतो म्हणाला तर गाडी घेऊन परत या.

अलाइनमेंटवाला म्हणेल, साहेब या गाडीला कॅम्बर अ‍ॅडजस्ट होत नाही. मूळ बोल्टवर ते खरंही आहे. कॅम्बर बोल्ट आधी बसवून न्या आणि आधीची व नंतरची अशा दोन्ही छापील चिठ्ठ्या मागून घ्या. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून बघताना चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, बदलतोच, त्यामुळे क्रम आधी कॅम्बर, मग टो असाच. पुढचा टो शून्यावर ठेवा. चाकं समोरून किंचित बाहेर वळलेली ठेवली तर गाडी चटकन वळते, पण हायवेवर भरकटते आणि टायरची आतली कड खाते.

हे सगळं करायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मची बुशं (सांध्यातली रबरं), बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंग बघून घ्या. बुश फाटलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि सगळ्या अलाइनमेंटवर पाणी पडतं. ७१,००० किलोमीटरच्या घाटातल्या गाडीत काहीतरी निघेलच.

आता मित्रांच्या तीन सूचना.

स्ट्रट बार बॉनेट उघडल्यावर छान दिसतो. आजच्या गाड्यांची बॉडी पुरेशी ताठ असते, रस्त्यावरच्या वेगात त्याने अंडरस्टीअर कमी होत नाही. नको.

लोअरिंग स्प्रिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तिथे भलेभले फसतात. गाडी खाली बसली की गुरुत्वमध्य खाली येतो, तो १९०चा आकडा थोडा कमी होतो, इथपर्यंत बरोबर. पण मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आली की लोअर आर्मचं गाडीकडचं टोक खाली जातं आणि आर्मचा उतार बिघडतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलण्याचा जोर वाढतो. म्हणजे खाली बसवलेली गाडी, स्प्रिंग तेवढ्या ताठ नसतील तर, जास्त कलते. त्यात खड्ड्यावर चाक वरखाली होताना आपोआप थोडं वळायला लागतं. रॅलीवाले हे दुरुस्त करायला लांब दांड्याचे बॉल जॉइंट वापरतात. तुम्हाला पुढून घासायची चिंता आहे, तुम्ही या वाटेला जायचंच नाही. आणि मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा विचार कुणी डोक्यात घातला तर त्या माणसाकडे गाडी नेऊ नका. कापलेली स्प्रिंग चाक लटकल्यावर आपल्या जागेवरून सुटू शकते.

पुढचा जाड स्टॅबिलायझर बार तर तुमच्या दुखण्याला खतपाणी. पुढचा ताठपणा वाढवणारी आणखी एक वस्तू. रेसच्या खूप मऊ गाड्यांत, जिथे कलण्यामुळे कॅम्बर फार बिघडतो, तिथे पुढचा जाड बार कधी कधी फायदा देतो, हे खरं आहे. पण कॅम्बर बोल्टने तेच काम होत असताना तुम्हाला तो नको.

मग मागचा बार? हाच अंडरस्टीअरवरचा हुकमी उपाय. स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम आहे, दोन्ही मागची चाकं जोडणारी पिळली जाणारी तुळई, आणि ती स्वतःच थोड्या प्रमाणात स्टॅबिलायझर बारचं काम करते. तिच्या दोन टोकांना नटबोल्टने जोडायचा जादा बार मिळतो. तो बसवला की कलण्याला मागून विरोध वाढतो, १९० किलोंतला मोठा वाटा मागची जोडी उचलते, पुढच्या टायरना श्वास मिळतो. आतलं पुढचं चाकही जमिनीवर दाबलेलं राहतं, म्हणजे चढावर ते जागेवर फिरण्याचा त्रासही कमी होतो. पहिल्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचे वळणावरचे जुने फोटो बघा, आतलं मागचं चाक हवेत असतं. ती चूक नव्हे. मागची जोडी जेवढा भार सरकवू शकते तेवढा सरकवून झाल्याची ती खूण आहे. चाक उचललं गेल्यावर मागचा बार कितीही जाड केला तरी काही मिळत नाही.

भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटर म्हणजे फक्त २ मिलिमीटर, पण ताठपणा ४६ टक्क्यांनी जास्त. दुकानात हे आकडे हातात धरून बघताना सारखेच वाटतात.

आणि इथेच मला माझी गोष्ट सांगायला हवी. माझी पहिली स्विफ्ट २००६ची. मी तिला मिळाला तेवढा जाड मागचा बार लावला. उन्हाळाभर गाडी अशी वळायची की मन भरून यायचं. जूनमध्ये ताम्हिणी उतरताना वळणात समोर म्हैस दिसली, मी पाय उचलला. उतार, ओला रस्ता, मागचा भाग आधीच हलका, त्यात तो बार. गाडी अर्धी फिरून डोंगराकडच्या गटारात गेली. दुसऱ्या बाजूला दरी होती. शेजारी माझे वडील बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस मला झोप नीट लागली नाही. बारमध्ये दोष नव्हता. मी पकडीचा वाटा मागून काढून पुढे दिला होता आणि पावसाळ्यात ती मागची पकडच मला हवी होती.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं. यंदाच्या पावसाळ्यात मागचा बार नकोच. रबरं काढून, नवे टायर, ठीकठाक शॉकअब्सॉर्बर, उणे १ अंश कॅम्बर, एवढं करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा गाडी चालवा. त्यानंतरही नाक बाहेर जातंय असं वाटलं तर सगळ्यात पातळ, दोन-तीन भोकांचा, भोक बदलून ताठपणा कमी-जास्त करता येणारा बार घ्या, सगळ्यात मऊ भोकावर लावा, आणि आधी पाणी मारलेल्या मोकळ्या मैदानावर वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडून मागचा भाग काय करतो ते बघा. बीमला वेल्डिंग करायला सांगणारा बार घेऊ नका, त्या तुळईच्या पोलादाला तिथे उष्णता द्यायची नसते. बीमला किंवा सस्पेन्शनला असं काही जोडायच्या आधी आरटीओकडे चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.

आता जी गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. वळणावर लागणारी पकड वेगाच्या वर्गाने वाढते. १५ मीटर त्रिज्येची हेअरपिन ताशी ३५ने घेतली तर वजनाच्या ६४ टक्के आडवा जोर लागतो. ३०ने घेतली तर ४७. पाच किलोमीटर वेग कमी केल्याने टायरवरची मागणी चौथ्या हिश्शाहून जास्त उतरते. मी वर सांगितलेला कुठलाही पार्ट, एकटा, इतकं देत नाही.

त्यामुळे पोफळीकडे उतरताना ब्रेकचं सगळं काम वळणाआधी, चाकं सरळ असताना उरकून घ्या. दुसरा गिअर आधीच टाका. वळताना ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत आणा, वळण दिसेनासं होतं तिथे तर नाकासमोरची मोकळी जागा जेवढी दिसते तेवढ्यातच थांबता येईल इतका वेग ठेवा. एवढं करूनही नाक सुटलं तर स्टीअरिंग आणखी फिरवू नका. टायर थोड्याशाच कोनावर जास्तीत जास्त पकड देतो, त्यापुढे फिरवलेलं चाक नुसतं घासत जातं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला, स्टीअरिंग किंचित सरळ करा, पकड परत आल्याचं हाताला जाणवेल, मग वळवा. भीतीच्या क्षणी हे हाताला सुचत नाही, म्हणून मैदानावर शिकायचं. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेने ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या जागेत आखलेल्या वळणांवर घड्याळ लावून घेतलेल्या स्पर्धा होतात, तिथे एक रविवार बघायला जरी गेलात तरी बरंच कळेल.

स्वीडनच्या एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ला साब ९६मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. तीही पुढची चाकं ओढणारी गाडी, इंजिन अगदी लहान, रस्त्यावर बर्फ. तो डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्याने इंजिनची ताकद चालू ठेवायचा आणि नाक आत वळवायचा. त्याची नक्कल घाटात करू नका, क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर पडला तर गाडी जागेवर उभी राहते आणि मागचा ट्रक अंगावर येतो. पण ज्या दुखण्यावर आपण लोखंड शोधतो त्यावर त्याने पायाने मात केली होती, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

शेवटचं, मुलीची सीट. मागच्या सीटवर ती चाइल्ड सीटमध्ये पट्टा बांधून बसते की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. आज संध्याकाळीच तेवढं बघा. बाकीच्या गोष्टींना महिना लागला तरी चालेल.

रबरं काढलीत की पहिल्या अलाइनमेंटची चिठ्ठी आणि खडूच्या रेघेचा फोटो मला पाठवा. कॅम्बर किती ठेवायचा ते त्यावरून नक्की करू.